ओमिक्रॉन सौम्य होता की आपली तयारी झाली होती? दोन व्हेरियंटची तीव्रता ताडून पाहताना

प्रश्न असा आला आहे: ‘ओमिक्रॉन डेल्टापेक्षा सौम्य होता असं सगळे म्हणतात. पण तो येईपर्यंत असंख्य लोकांची लस झाली होती, कित्येकांना करोना होऊन गेला होता. मग विषाणू सौम्य झाला, की आपलं शरीर तयार झालं होतं? आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढून मोजता येतात का?’

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या बऱ्याच अंशी वेगळ्या काढता येतात. ओमिक्रॉनचा पहिला मोठा प्रकार, बीए.1, डेल्टापेक्षा मुळातच कमी तीव्र होता. शिवाय त्याच्या तावडीत सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात लशीची किंवा आधीच्या संसर्गाची प्रतिकारशक्ती होती. दिसलेली सौम्यता या दोन्हींची बेरीज होती. साथरोगांच्या आकडेवारीत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि साथीच्या त्या काळात हा एकच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करू. ‘या व्हेरियंटचा मृत्यूदर अमुक टक्के’ असं वाक्य ऐकलं की तो आकडा विषाणूचा स्वतःचा गुण आहे असं वाटतं, जसं सोन्याचं वजन. पण तो आकडा विषाणू, त्याला भेटलेली माणसं, त्या वेळचे उपचार आणि त्या वेळी होत असलेल्या चाचण्या या सगळ्यांचा मिळून असतो. यातली एक गोष्ट बदलली तरी आकडा बदलतो आणि विषाणू मात्र तोच असतो.

जून 2021मधला इंग्लंडचा अनुभव यासाठी फार बोलका आहे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या अहवालांत अल्फाचा, म्हणजे डेल्टाच्या आधी पसरलेल्या व्हेरियंटचा, मृत्यूदर सुमारे 2 टक्के दिसत होता आणि डेल्टाचा 0.1 ते 0.2 टक्क्यांच्या घरात. म्हणजे कागदावर डेल्टा दहापट सौम्य! हे आकडे तेव्हा भरपूर फिरले आणि ‘डेल्टाला घाबरायचं कारण नाही’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. प्रत्यक्षात अल्फाची लाट हिवाळ्यात आली होती, तेव्हा ज्येष्ठांचं लसीकरण जेमतेम सुरू झालं होतं. डेल्टा आला तोवर ज्येष्ठांचे दोन डोस झाले होते आणि संसर्ग मुख्यतः तरुणांत फिरत होता. शिवाय डेल्टाचे रुग्ण ताजे होते. ज्यांचा मृत्यू पुढे व्हायचा होता, त्यांचा अजून झालेला नव्हता.

त्याच काळात इंग्लंडमध्येच आणखी एक तुलना झाली. 29 मार्च ते 23 मे 2021 या आठ आठवड्यांतले 43,338 रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या विषाणूचं जनुकीय सिक्वेन्सिंग झालेलं होतं, म्हणजे जनुकांचा क्रम वाचून व्हेरियंट नक्की केलेला होता. चौदा दिवसांत रुग्णालयात दाखल होण्याचं कच्चं प्रमाण अल्फासाठी 2.2 टक्के आणि डेल्टासाठी 2.3 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. मग वय, लसीची स्थिती, वांशिक गट, राहण्याचा भाग आणि चाचणीचा आठवडा हे सगळं जुळवून घेतलं, तेव्हा डेल्टाच्या रुग्णाला दाखल व्हावं लागण्याचा धोका अल्फाच्या रुग्णापेक्षा 2.26 पट निघाला. तेच रुग्ण, तीच रुग्णालयं. एका हिशोबात फरक शून्य, दुसऱ्यात दुपटीहून जास्त आणि मृत्यूदराच्या ढोबळ तक्त्यात तर उलटाच निकाल. कच्च्या आकड्यावर व्हेरियंटची तुलना का करू नये, हे मी नव्याने शिकणाऱ्यांना याच उदाहरणाने समजावतो.

आता ओमिक्रॉनकडे वळू, कारण तिथे गुंता वाढतो. ओमिक्रॉन लस घेतलेल्यांना आणि आधी आजारी पडून गेलेल्यांनाही सहज गाठू शकत होता. डेल्टाला हे इतकं जमत नव्हतं. याचा परिणाम आकड्यांवर कसा होतो, ते एका काल्पनिक हिशोबाने दाखवतो. समजा ‘अ’ व्हेरियंटने फक्त प्रतिकारशक्ती नसलेल्या 100 जणांना गाठलं आणि त्यातले 5 दाखल झाले. दर 5 टक्के. ‘ब’ व्हेरियंट अंगाने तितकाच वाईट आहे. त्यानेही तसल्या 100 जणांना गाठलं आणि 5 दाखल झाले. पण त्याने प्रतिकारशक्ती असलेल्या आणखी 400 जणांनाही गाठलं, त्यांच्यात दर 1 टक्का, म्हणजे 4 दाखल. एकूण 500मध्ये 9, दर 1.8 टक्के. ‘ब’ व्हेरियंट ‘अ’च्या जवळजवळ एक तृतीयांश तीव्रतेचा दिसतो. प्रत्यक्षात त्याची तीव्रता कणभरही कमी नाही, आणि रुग्णालयात मात्र 5 ऐवजी 9 खाटा भरल्या.

यावर उपाय म्हणून लस घेतलेल्यांची लस घेतलेल्यांशी आणि न घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी तुलना करतात. ते बरोबरच आहे, पण पुरेसं नाही. लस न घेतलेल्या माणसाला आधी करोना होऊन गेला असेल आणि त्याची चाचणीच झाली नसेल, तर नोंदीत तो ‘प्रतिकारशक्ती नसलेला’ ठरतो. असे नोंदीबाहेरचे जुने संसर्ग सगळीकडे प्रचंड होते. 2021च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून ‘रुग्ण सौम्य आहेत’ अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा आम्हाला सर्वांत आधी हीच शंका आली. तिथली लोकसंख्या तरुण होती आणि रक्ततपासणीच्या सर्वेक्षणांतून दिसत होतं की लोकसंख्येच्या मोठ्या हिश्श्याला आधीच संसर्ग होऊन गेला आहे. तिथल्या डॉक्टरांचं निरीक्षण खरं होतं. त्यावरून इतरत्र, लस न घेतलेल्या ज्येष्ठांमध्येही तसंच होईल असं गृहीत धरणं धोक्याचं होतं.

आणि तसं झालं नाहीच. 2022च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये ओमिक्रॉनचाच बीए.2 प्रकार पसरला. तिथे आधीच्या लाटा फार छोट्या होत्या, त्यामुळे जुन्या संसर्गाची प्रतिकारशक्ती जवळपास नव्हती, आणि वय जितकं जास्त तितकं लसीकरण कमी होतं. 6 जानेवारी ते 21 मार्च या काळात तिथे 5,906 मृत्यू नोंदले गेले. त्यातले 96 टक्के साठीच्या पुढचे, आणि त्या ज्येष्ठांपैकी 70 टक्क्यांनी लशीचा एकही डोस घेतलेला नव्हता. ‘सौम्य’ म्हणवला गेलेला विषाणू तो हाच. हे आकडे आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, कारण लस उपलब्ध होती.

मग अंगभूत तीव्रता कशी काढायची? सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे दोन व्हेरियंट एकाच वेळी, एकाच ठिकाणी फिरत असतानाचे थोडे आठवडे पकडणं. तेव्हा उपचार तेच असतात, रुग्णालयावरचा ताण तोच असतो आणि चाचणीचे नियमही तेच असतात. 2020च्या वसंतातल्या लाटेची 2021च्या लाटेशी तुलना केली, तर मध्ये डेक्सामेथासोन आलेलं असतं. जून 2020मध्ये ‘रिकव्हरी’ या ब्रिटनमधल्या मोठ्या औषध-चाचणीने दाखवलं की या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ती घट विषाणूच्या खात्यावर जमा करायची नाही. उलटही होतं. ऑक्सिजन आणि खाटा कमी पडल्या की टाळता आले असते असे मृत्यू होतात, आणि ती भर व्हेरियंटच्या नावावर लागते.

पण त्या थोड्या आठवड्यांत कोणाला कोणता व्हेरियंट आहे हे कळणार कसं? सिक्वेन्सिंगला वेळ लागतो आणि ते थोड्याच सॅम्पलचं होतं. इथे एका योगायोगाने फार मदत केली. तो जवळून पाहण्यासारखा आहे.

पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकांचे तुकडे आवर्तनामागून आवर्तन दुप्पट करत नेतात. तेव्हा वापरात असलेलं एक पीसीआर किट विषाणूच्या तीन जनुकांतल्या जागा शोधायचं: ओआरएफ1एबी, एन आणि एस. मशीनच्या स्क्रीनवर प्रत्येक सॅम्पलच्या तीन रेषा दिसतात. विषाणू भरपूर असेल तर विसाव्या-बाविसाव्या आवर्तनाच्या सुमारास तिन्ही रेषा तळ सोडून वर उसळतात. अल्फामध्ये आणि नंतर बीए.1मध्ये स्पाइक प्रथिनातले (विषाणूवरच्या काट्यांचं हे प्रथिन एस जनुकातून बनतं) 69 आणि 70 क्रमांकाचे दोन दुवे, म्हणजे अमिनो आम्लं, गळालेले होते. एस जनुकाचा शोध नेमका तिथेच घेतला जात असल्याने दोन रेषा वर जायच्या आणि तिसरी तळाशी सपाट राहायची. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा चाचणीतला दोष होता, आमच्यासाठी मात्र ती फुकट मिळालेली खूण होती. डिसेंबर 2021मध्ये डेल्टाची एस रेषा शाबूत आणि ओमिक्रॉनची गायब, त्यामुळे लाखो सॅम्पल सिक्वेन्सिंगशिवाय दोन ढिगांत वेगळे करता आले. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. विषाणू अगदी कमी असेल, म्हणजे सीटी व्हॅल्यू (रेषा उसळेपर्यंत लागलेली आवर्तनं) तिशीच्या पुढे असेल, तर एस रेषा नुसत्या अशक्तपणामुळेही उमटत नाही. अशी सॅम्पल बाजूला काढावी लागतात, नाहीतर आजार ओसरत आलेले डेल्टाचे रुग्ण ओमिक्रॉनच्या ढिगात जाऊन पडतात. पुढे बीए.2 आला. त्यात हे दोन दुवे शाबूत होते, आणि ही खूण हातातून गेली.

या खुणेच्या आणि सिक्वेन्सिंगच्या आधारे इंग्लंडमध्ये 29 नोव्हेंबर 2021 ते 9 जानेवारी 2022 या काळातल्या सुमारे 15 लाख रुग्णांची तुलना झाली. वय, लस, आधीचा संसर्ग, ठिकाण आणि तारीख जुळवल्यावर ओमिक्रॉनच्या रुग्णाला दाखल होण्याचा धोका डेल्टाच्या 0.41 पट आणि मृत्यूचा धोका 0.31 पट निघाला. लस न घेतलेल्यांतही फरक ठळकपणे टिकून होता. लपलेल्या जुन्या संसर्गांची शंका धरून थोडी सूट दिली तरी एवढा मोठा फरक पुसला जात नाही. म्हणून सुरुवातीला मी ‘मुळातच कमी तीव्र’ असं ठामपणे म्हटलं.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होती. साठ ते एकोणसत्तर वयात दाखल होण्याचा धोका पाव पटीवर आला होता, ऐंशीच्या पुढे 0.47 पट, आणि दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये 1.10 पट, म्हणजे फरकच नाही. ‘ओमिक्रॉन साठ टक्क्यांनी सौम्य’ हे वाक्य लहान मुलांच्या आईवडिलांसाठी चुकीचं होतं. याचा धागा प्रयोगशाळेत सापडतो. हाँगकाँगच्या संशोधकांनी माणसाच्या श्वासमार्गाच्या ऊतींवर दोन्ही व्हेरियंट वाढवून पाहिले. पहिल्या चोवीस तासांत ओमिक्रॉन श्वासनलिकेच्या ऊतींत डेल्टापेक्षा सुमारे 70 पट जास्त वाढला, आणि फुफ्फुसाच्या ऊतीत मात्र मूळ विषाणूपेक्षा दहापटींहून कमी. पेशीत शिरताना आपल्याच पेशींवरच्या टीएमपीआरएसएस2 या विकरावर (एन्झाइमवर) ओमिक्रॉन कमी अवलंबून होता, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. थोडक्यात आजार खोल फुफ्फुसातून वरच्या मार्गात सरकला. मोठ्यांना याचा फायदा झाला, न्यूमोनिया कमी झाला. बाळाचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, तिथे थोडीशी सूजही त्रास देते. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास घेताना घरघर, म्हणजे क्रूप, त्या लाटेत जास्त दिसू लागला तो बहुधा यामुळेच.

तुलना कोणत्या दारापासून सुरू करायची, हाही मोठा प्रश्न आहे. अल्फाच्या वेळी एकाच सुमारास दोन परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुष्कळ गोंधळ उडाला. लंडनमधल्या रुग्णालयांत दाखल झालेल्यांचा अभ्यास झाला. त्यात गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण अल्फामध्ये 36 टक्के आणि इतरांत 38 टक्के, म्हणजे फरक नाही. दुसऱ्या अभ्यासात बाहेर चाचणी झालेल्या लोकांच्या 54,906 जोड्या लावल्या, एक अल्फाचा आणि एक जुन्या विषाणूचा, वय-लिंग-ठिकाण-तारीख जुळवून. जुन्या विषाणूच्या बाजूला 141 मृत्यू आणि अल्फाच्या बाजूला 227. धोका 1.64 पट.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. पहिल्याने रुग्णालयाच्या दारातून आत आलेल्यांनाच मोजलं. विषाणू जास्त लोकांना त्या दारापर्यंत ढकलत असेल, तर तो फरक दाराबाहेरच घडून गेलेला असतो. आत आल्यावर सगळेच गंभीर असतात आणि सारखे दिसतात. शिवाय दुसऱ्या अभ्यासात एक लाखाहून जास्त माणसं पाहिली तेव्हा कुठे 86 मृत्यूंचा फरक हाती लागला. एखाद-दोन रुग्णालयांतल्या काहीशे रुग्णांत तो दिसणं अवघड आहे. ‘आमच्या वॉर्डात काही फरक जाणवत नाही’ असं सांगणारे डॉक्टर खोटं बोलत नव्हते, पण वॉर्डाच्या खिडकीतून हा प्रश्न दिसतच नाही.

वेळेची गफलत मात्र अनुभवी लोकांकडूनही होते. समजा नवे रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत आहेत, आणि लागण कळल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी बारा दिवस जातात. आज 16,000 नवे रुग्ण असतील, तर बारा दिवसांपूर्वी ते 1,000 होते. आज नोंदलेले 10 मृत्यू त्या हजारातले आहेत. दहाला सोळा हजारांनी भागलं तर 0.06 टक्के, हजाराने भागलं तर 1 टक्का. वेगाने पसरणारा प्रत्येक नवा व्हेरियंट पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सौम्य दिसतो तो या भागाकारामुळे. त्या दिवसांत माझ्यासमोर कोणी मृत्यूदर ठेवला, तर मी एवढंच विचारायचो: यातल्या किती जणांचे चौदा दिवस पूर्ण झालेत?

आणखी एक गुंता फक्त केसपेपर वाचताना कळतो. ओमिक्रॉनच्या लाटेत दाखल होणाऱ्या प्रत्येकाचा स्वॅब घेतला जाई, आणि समाजात इतका संसर्ग होता की हाड मोडून आलेला माणूसही पॉझिटिव्ह निघे. ‘करोनामुळे दाखल’ आणि ‘करोनासह दाखल’ वेगळे करायला आम्ही केसपेपर हातात घेऊन बसायचो. एक कागद मला नेहमी आठवतो. ऐंशी ओलांडलेल्या आजी, घरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं, स्वॅब पॉझिटिव्ह, ऑक्सिजन 97. माझ्या सहकाऱ्याने ‘सह’च्या रकान्यात खूण केली. मी पान उलटलं. पडण्याआधी दोन दिवस ताप होता, जेवण गेलं होतं, उठताना चक्कर आली होती. चौथ्या दिवशी ऑक्सिजन 89. त्या पडल्या कशामुळे? आम्ही खूण खोडली आणि ‘मुळे’च्या रकान्यात केली. मधुमेह बिघडून आलेले, हृदयाचा त्रास वाढून आलेले, अशा कित्येकांचं उत्तर या दोन रकान्यांत बसत नाही. म्हणून मी नुसत्या दाखल होण्यापेक्षा ऑक्सिजनची गरज, आयसीयू आणि मृत्यू यांवर जास्त विसंबतो. ते निकष कठोर आहेत आणि त्यांत कागदाची गफलत कमी शिरते.

‘विषाणू काळानुसार सौम्यच होत जातो’ हे मत फार लोकप्रिय आहे, त्याबद्दलही लिहायला हवं. या विषाणूचाच क्रम पाहा. अल्फा मूळ विषाणूपेक्षा जास्त तीव्र निघाला, डेल्टा अल्फापेक्षाही जास्त, आणि मग ओमिक्रॉन कमी. शिवाय ओमिक्रॉन डेल्टापासून जन्मलाच नाही. तो वेगळ्याच फांदीवरून आला. डेल्टा निवळून ओमिक्रॉन झाला असं काही घडलेलं नाही. करोनाचा रुग्ण सर्वांत जास्त विषाणू पसरवतो तो लक्षणं सुरू होण्याच्या आसपास, आणि मृत्यू येतो त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. तोवर विषाणूचं काम झालेलं असतं. माणूस वाचला की गेला, याने त्याच्या प्रसारात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे सौम्य होण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

आणि ‘दर कमी’ म्हणजे ‘भार कमी’ नव्हे. दाखल होण्याचा धोका 0.41 पट झाला, पण त्याच काळात लागण तिप्पट लोकांना झाली, तर 0.41 गुणिले 3 म्हणजे 1.23. रुग्णालयात आधीपेक्षा जास्तच माणसं. एकट्या माणसाने धोक्याचा दर बघावा, रुग्णालय चालवणाऱ्याने गुणाकार.

आज ही तुलना करणं 2021पेक्षा अवघड झालं आहे. चाचण्या फार थोड्या होतात, त्यामुळे भागाकारातला खालचा आकडा गेला. आधी इंग्लंडमध्ये लक्षणं असोत वा नसोत, घरं यादृच्छिकपणे निवडून स्वॅब घेणारं मोठं सर्वेक्षण चालायचं, आणि खऱ्या संसर्गाचा अंदाज त्यातून मिळायचा. तसली सोय आता जवळपास कुठेच नाही. प्रत्येकाच्या शरीरात लस आणि जुन्या संसर्गांचं वेगळंच मिश्रण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 18 डिसेंबर 2023 रोजी जेएन.1 या ओमिक्रॉनच्याच उपप्रकाराला स्वतंत्रपणे लक्ष ठेवण्याजोगा व्हेरियंट ठरवलं, तेव्हा जगाला असलेला जादा धोका कमी असल्याचं म्हटलं. ते योग्यच होतं. पण अशा घोषणांतलं ‘तीव्रता वाढल्याचा पुरावा नाही’ हे वाक्य मी नीट थांबून वाचतो. पुरावा शोधायला पुरेसे रुग्ण होते का, त्यातल्या किती जणांचं सिक्वेन्सिंग झालं, आधीचा व्हेरियंट त्याच आठवड्यांत शेजारी फिरत होता का? तीनही ठिकाणी ‘हो’ आलं, तर मी त्याचा अर्थ ‘तीव्रता वाढलेली नाही’ असा घेतो. नाहीतर ‘अजून मोजलेली नाही’ असा.